पुस्तक परत आलं पाहिजे

कॉम्प्युटरला एका दमात आठ कामं सांगता येतात हे कळलं की माणसाला उगीचच मुकादम झाल्यासारखं वाटतं. शेल स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या कमांडच्या यादीत, कमांडच्या शेवटी अँडचं चिन्ह (&) टाकायचं, बस्स. काम बॅकग्राउंडला सुरू आणि स्क्रिप्ट पुढच्या ओळीवर मोकळी. कामाला लावायला अक्कल लागत नाही. ती लागते नंतर: कोण परत आलं, कोण वाटेतच बसलं, आणलेलं कुठं ठेवलं, आणि रिकाम्या हातानं येऊन ‘झालं हं’ म्हणणाऱ्याचं काय करायचं.

आमच्या घरी हा उद्योग सुरू झाला तो पुनर्विकासामुळे. गिरगावातली चाळ पाडून टॉवर व्हायचाय, तोवर मुक्काम दहिसरला भाड्याच्या वन बीएचकेत. बाबांच्या ट्रंकेतले जुने दिवाळी अंक मुंबईच्या जुलैत टिकायची आशा कमीच. निम्म्यांना कसर आधीच लागलेली. टाकवत नाहीत आणि ठेववतही नाहीत. शेवटी ठरलं की बाबांनी पानं स्कॅन करायची आणि त्या चित्रांतून मजकूर मी काढायचा. त्यासाठी टेसरॅक्ट नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. एचपी कंपनीत १९८५ च्या सुमारास त्यावर काम सुरू झालं, २००५ मध्ये तो सगळ्यांना खुला झाला, आणि त्याला मराठी वाचता येतं. जोडाक्षरांवर अडखळतो, पण वाचतो. पानाला वेळ मात्र घेतो, आणि पानं ढीगभर. लॅपटॉपला कोअर आठ, म्हणजे एका वेळी राबणारे आठ हात. मग एकामागून एक कशाला?

युनिक्स, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमांच्या घराण्यात नवी प्रोसेस, म्हणजे चालता प्रोग्रॅम, जन्माला घालायची रीत मजेशीर आहे. फोर्क नावाचा कॉल करायचा, की जागच्या जागी एकीच्या दोन होतात, हुबेहूब सारख्या. कल्पना संगणकशास्त्रज्ञ मेल्विन कॉनवे यांच्या १९६३ च्या शोधनिबंधात आहे. बेल लॅब्जमधल्या युनिक्सनं ती सुरुवातीपासून वापरली आणि अजून सोडलेली नाही. आता दोघीही सारख्याच, तर आपण पेरेंट (मूळची) की चाइल्ड (नवी) हे त्यांना कळायचं कसं? फोर्ककडून पेरेंटला चाइल्डचा नंबर मिळतो आणि चाइल्डला मिळतं शून्य. सगळा संसार या एका आकड्यावर.

सगळी पानं एकदम सोडायची नसतात हे सांगायला नको. मेमरी संपते आणि लॅपटॉप माउससुद्धा हलू देत नाही. कोअर आठ तर कामं आठ. टेसरॅक्टच्या बाबतीत आणखी एक गोम आहे: तो एका पानासाठीसुद्धा आपणहून तीन-चार थ्रेड, म्हणजे कामाचे समांतर धागे, काढतो. असे आठ सोडले की आठ कोअरवर तीसएक जण रेटारेटी करतात आणि वेग वाढायच्या ऐवजी उतरतो. थ्रेडची मर्यादा एकावर आणणारी एक सेटिंग आहे. ती लावली की आठही शहाण्यासारखे चालतात.

बाबांनी स्क्रीनवर ओळी धावताना पाहिल्या आणि चष्मा वर करून विचारलं, “अगं, हे सगळे एकाच वहीत लिहितायत का?”

बाबा चाळीच्या मंडळाचे बरीच वर्षं खजिनदार होते. गणपतीच्या वर्गणीला पोरं मजल्या-मजल्यावर पाठवायची तर त्यांचा नियम ठरलेला. प्रत्येकाला वेगळं पावती पुस्तक, देतानाच पुस्तकाचा नंबर पोराच्या नावापुढं टिपलेला, आणि परत आल्यावर एकेकाला समोर बसवून हिशेब. “वर्गणी कमी आली तर चालेल,” ते अजूनही सांगतात, “पुस्तक परत आलं पाहिजे.” समांतर प्रोसेसवरचं याहून नेमकं वाक्य मी कुठल्या मॅन्युअलमध्ये वाचलेलं नाही.

कारण एकच वही असली की काय होतं ते बघण्यासारखं असतं. आठही चाइल्ड प्रोसेसना पेरेंटचंच आउटपुट वारशानं मिळतं, म्हणजे सगळ्या एकाच पाइपमध्ये, मजकूर पुढं नेणाऱ्या एकाच नळीत, लिहितात. लिनक्सची हमी एवढीच की एका वेळी ४०९६ बाइट्सपर्यंतचं लिखाण मध्ये दुसऱ्याचं न घुसता सलग जाईल. पॉसिक्स या युनिक्सच्या प्रमाण नियमावलीत तर किमान ५१२ बाइट्सचीच हमी आहे. आणि पाइपमध्ये लिहिणारे प्रोग्रॅम ओळीगणिक लिहीत नाहीत, साठवून गठ्ठ्यानं सोडतात. गठ्ठा बहुधा त्याच ४०९६ चा. इंग्रजीत एवढ्यात एक पान आरामात बसतं. आपल्या देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार, प्रत्येकाला यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट्स लागतात. म्हणजे तेराशे-चौदाशे चिन्हांत गठ्ठा भरला, आणि दिवाळी अंकाचं छापील पान त्याहून दाट असतं. मग व्हायचं तेच होतं. ललित लेखातल्या नायिकेनं खिडकी उघडावी आणि पुढच्याच शब्दाला अनारशांच्या कृतीतली खसखस सुरू व्हावी. ४०९६ ला तीननं भाग जात नाही, त्यामुळे कधी गठ्ठा नेमका अक्षराच्या पोटात तुटतो आणि त्या जागी प्रश्नचिन्हाची काळी चौकट उरते. अशी चिरफाड नंतर सोडवता येत नाही. कुठली ओळ कुणाची हे कुठं लिहिलेलंच नसतं.

तेव्हा दर पानाला स्वतःची फाइल, आणि सगळं संपल्यावर पानांच्या क्रमानं जोडणी. जीएनयू पॅरललसारखी हत्यारं हे आपणहून करतात: प्रत्येकाचं आउटपुट वेगळं साठवतात, आणि सांगितलं तर दिलेल्या क्रमानंच बाहेर काढतात. उत्तम आहेत. मला तरीही आपला साधा लूप आणि साध्या फाइली बऱ्या वाटतात; काही बिनसलं तर अर्धवट फाइल उघडून बघता येते. फाइलींना नावं देताना ००२, ०१० अशी शून्यं लावायची, नाहीतर दहावं पान दुसऱ्याच्या आधी येऊन बसतं.

खरी मेख वेट या थांबायच्या कमांडमध्ये आहे. बॅश या शेलमध्ये नुसतं वेट लिहिलं की स्क्रिप्ट सगळ्या चाइल्ड प्रोसेस संपेपर्यंत थांबते आणि मग वेट शून्य परत देतं. शून्य म्हणजे सगळं क्षेम. आठच्या आठ तोंडावर आपटल्या असल्या तरी शून्यच! दुसरी सोय एक्सआर्ग्स या कमांडची, त्याला आठाचा आकडा दिला की एक संपली की दुसरी असं स्वतः सांभाळतो. पण कुणी नापास झालं तर शेवटी १२३ एवढंच कळवतो. कुणीतरी गडबडलंय, कोण ते विचारू नका. बाबांच्या हिशेबात हे बसणारं नाही. म्हणून प्रत्येक काम सोडल्या सोडल्या त्याचा नंबर टिपायचा, आणि शेवटी एकेका नंबराचं नाव घेऊन वेट करायचं. मग ज्याचा त्याचा एक्झिट कोड, म्हणजे संपताना सांगितलेला निकालाचा आकडा, हातात येतो, ० ते २५५ मधला. १३७ दिसला की समजायचं, १२८ अधिक ९ (नऊ हा मारून टाकायच्या सिग्नलचा नंबर), म्हणजे ती आपल्या मरणानं मेलेली नाही. घरच्या लॅपटॉपवर बहुतेकदा मेमरी कमी पडली म्हणून कर्नलनं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानंच, उडवलेली असते. जी पहिली संपेल तिच्यापुरतंच थांबायची सोय बॅशच्या ४.३ पासून, म्हणजे २०१४ पासून आहे, आणि ती कोणती हे सांगायची सोय ५.१ पासून. मॅकवाल्यांच्या मशीनवर अजून ३.२ येतं, त्यांनी आपलं बघावं.

पेरेंटनं विचारलंच नाही तर? तर संपलेल्या प्रोसेसची नोंद कर्नल तशीच सांभाळून ठेवतो. मेमरी गेली, फाइली बंद झाल्या, उरला फक्त नंबर आणि एक्झिट कोड. यादीत तिच्यापुढं डिफंक्ट असं येतं, आणि किल करूनही ती हटत नाही, कारण मारायला आत काही शिल्लकच नसतं. पेरेंट आधी गेली तर साधारणपणे एक नंबरची प्रोसेस पोरक्यांना पदरात घेते आणि तिच्या वतीनं वेट करते. एवढी माया ऑपरेटिंग सिस्टिमकडून कुणी अपेक्षिली नसेल.

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतून हेच करणाऱ्यांसाठी एक खड्डा राखून ठेवलेला आहे. चाइल्डचं आउटपुट पाइपनं घ्यायचं ठरवलं, आणि आधी ती संपायची वाट बघू, मग वाचू, असा सरळ विचार केला, तर लिनक्सवर ६५,५३६ बाइट्स भरले की पाइप तुडुंब. चाइल्ड थांबते पाइप रिकामा व्हायला, पेरेंट थांबते चाइल्ड संपायला. एरर नाही, काही नाही. चार ओळींच्या चाचणीत सगळं छान चालतं आणि जाडजूड कादंबरिका आली की ठप्प. आमच्या घरात हे पंख्यावरून ओळखू येतं. आठही कोअर कामाला लागले की लॅपटॉप असा घोंघावतो की आई विचारते, “विमान उतरतंय का?” आणि प्रोसेस एकमेकींकडे बघत बसल्या की वळचणीचं पाणीसुद्धा ऐकू येतं. पायथनमध्ये कम्युनिकेट ही सोय याचसाठी आहे. ती वाचते आणि थांबते, दोन्ही एकदम.

एवढं सगळं जमवूनही वेळ वाचतो तो बेताचाच. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच दाखवून दिलंय की जो भाग समांतर करता येत नाही, तोच शेवटी एकूण वेग ठरवतो. आमच्याकडे तो भाग म्हणजे बाबा. ते प्रत्येक पान काचेवर ठेवण्याआधी वाचतात.

आणि एक्झिट कोड शून्य आला म्हणजे मजकूर आलाच असंही नाही. सबंध पानभर चित्र असलं की टेसरॅक्ट रिकामी फाइल ठेवतो आणि शून्य सांगून निघून जातो. त्याच्या दृष्टीनं त्यानं काम चोख केलेलं असतं. म्हणून शेवटी फाइलींचे आकार बघून संशयित पानांची यादी निघते आणि ती बाबांकडे जाते. ते मूळ अंक काढून एकेकाचा निकाल लावतात. ही सोनाराची जाहिरात. हे मुखपृष्ठ. एका पानावर कसरीनं भरपूर नक्षी केलीय. बाबा म्हणतात तिथं शब्दकोडं होतं आणि अर्धं त्यांनीच पेननं सोडवलेलं. टेसरॅक्टला त्यात एक क, दोन उभे दंड आणि एक स्वल्पविराम सापडला. एक्झिट कोड शून्य.