राखेच्या बुधवारी सुरू करायची बादली

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या ख्रिस्ती उपवासकाळात काय सोडायचं ते बहुतेक घरांत ठरलेलं असतं: मटण, गोडधोड, दारू, एखादी मालिका. ईस्टरच्या दुपारी ते सगळं परत येतं. म्हणून काही सोडण्यापेक्षा काही सुरू करावं, आणि त्यासाठी ओल्या कचऱ्याचं खत करणाऱ्या बादलीइतकं सोपं काम नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या 'लौदातो सी' या परिपत्रकात, २११व्या परिच्छेदात, अगदी घरगुती गोष्टी सांगितल्या आहेत. प्लास्टिक-कागद टाळा, पाणी बेतानं वापरा, कचरा वेगळा करा, संपेल तेवढंच रांधा, नको ते दिवे बंद करा. यातल्या दोन तरी बादली आपोआप अंगवळणी पाडते.

वीस लिटरच्या झाकणवाल्या दोन बादल्या घ्या. ज्यांत आधी रंग होता अशा जुन्या नकोत. तापवलेल्या खिळ्यानं बाजूंना चार ओळीत भोकं पाडा, तळाला पाच-सहा. खाली विटांवर टेकवा आणि निथळणाऱ्या पाण्यासाठी ताटली ठेवा. तळाशी दोन-तीन इंच सुका पाला किंवा नारळाचा काथ्या. त्यावर भाज्यांची देठं, केळीची सालं, चहाचा चोथा, सगळं बारीक चिरून. एक वाटी ओला कचरा पडला की दोन वाट्या सुकं टाकायचं, हे माप कधीच मोडू नका. विरजण म्हणून पहिल्या दिवशी मूठभर जुनं खत किंवा शेताची माती पुरते. दर दोन-तीन दिवसांनी काठीनं तळापासून हलवायचं.

ओल किती हवी? मुठीत घट्ट दाबून पाहा. गोळा झाला आणि बोटांतून एखाद-दुसराच थेंब आला तर बरोबर. पाणी गळलं तर सुकं वाढवा, गोळाच झाला नाही तर शिंपडा. कुजक्या अंड्यासारखा वास आला म्हणजे आत हवा पोचत नाही, सगळं उपसून पाला मिसळून परत भरा. अमोनियाचा नाकात झोंबणारा वास आला तर ओला कचरा जास्त झालाय, उपाय तोच. जाड करड्या-पांढरट अळ्या दिसल्या की घरात आरडाओरडा होतो. त्या बहुधा काळ्या सोल्जर माशीच्या असतात आणि कचरा भराभर संपवतात. नकोशा वाटल्या तर वर दोन इंच सुका थर द्या.

आता हिशेब. चौघांच्या घरात पहिली बादली साधारण तीन आठवड्यांत भरते. ती झाकून बाजूला ठेवायची, आठवड्यातून एकदा हलवायची आणि दुसरी सुरू करायची. पहिलीला पुढे पाच-सहा आठवडे लागतात. राखेचा बुधवार ते ईस्टर सेहेचाळीस दिवस, म्हणजे ईस्टरला खत तयार नसणार. ते ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत तयार होतं, आणि तेव्हा पाऊस तोंडावर असतो, रोपं लावायला नेमकी वेळ. काळसर, भुसभुशीत आणि मातीचा वास आला की झालं. चाळणीत राहिलेले तुकडे पुढच्या बादलीत विरजण म्हणून जातात. कपाळाला राख लावताना माणूस मातीचा आहे हे ऐकवलं जातं, त्याचा अर्थ या वासात जास्त नीट कळतो.

चुलीची राख मात्र चिमटीनंच. ती अल्कधर्मी असते, जास्त पडली तर नत्र अमोनिया होऊन उडून जातं. कोळशाची तर अजिबात नको.

वसईसारख्या ठिकाणी खरी अडचण मासळीची. काटे, डोकी, कोळंबीची कवचं बादलीत गेली की मांजरं आणि वास. वाडी असेल तर माडाच्या आळ्यात, बुंध्यापासून दोन-तीन फूट लांब, फूटभर खोल पुरा आणि वर माती दाबा. फ्लॅटमध्ये हे जमणार नाही, तिथे मासळीचा कचरा पालिकेच्या ओल्या कचऱ्यातच द्यावा. उगाच ओढाताण करू नये. अंड्याची टरफलं चालतात, फक्त कुस्करून.

धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या सगळ्या कुटुंबांनी मिळून, करायचं असेल तर सणाच्या जेवणाच्या प्लेटपासून सुरुवात करा. कागदी म्हणून विकली जाणारी फाडून बघा, आतून पातळ चकचकीत पापुद्रा निघाला तर ते प्लास्टिकच. त्यापेक्षा केळीचं पान. वेदीजवळच्या फुलांखाली हिरवा फोम वापरतात तो कुजत नाही, चुरा होऊन मातीत राहतो. मातीच्या भांड्यात ओली वाळू भरली की देठं उभी राहतात, आणि वाळू पुढच्या रविवारी परत वापरता येते. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, माडाचा मधला कोवळा कोंब मात्र तोडू नका. माडाला वाढीचं टोक एकच असतं, ते गेलं तर झाड जातं. बाहेरच्या उमललेल्या झावळीची पाती पुरेशी आहेत. आशीर्वादित झावळी कचऱ्यात टाकायची नसते, वर्षभरानं ती चर्चमध्ये परत द्या, पुढच्या राखेच्या बुधवारची राख तिचीच होते.