कुमानोची वारी, शेवाळ आणि पाळी

आळंदी ते पंढरपूर दोनदा चाललेय, त्यामुळे जपानमधलं होश्शिनमोन ते होंगू जेमतेम 7 किमी म्हटल्यावर मला जरा माजच आला होता. आणि नेमकी त्याच सकाळी पाळी आली, तारखेच्या चार दिवस आधी!

कुमानो कोदो म्हणजे जपानच्या की द्वीपकल्पातली हजार वर्षांहून जुनी यात्रेची वाट, 2004 पासून जागतिक वारसा. उंचच उंच सुगीची (जपानी देवदारासारखी) झाडं, मधेच चहाचे मळे, आणि ठिकठिकाणी ओजी, म्हणजे वाटेवरची छोटी देवस्थानं, तिथे लाकडी पेटीत शिक्का असतो तो आपल्या वहीत मारायचा (मी एक उलटा मारला). गाईडबाई साठीच्या, पण चाल अशी की मी मागे धापा टाकतेय. पोट दुखत होतं म्हणून शेवटी त्यांना सांगून टाकलं, आणि मनात ते जुनं होतंच, दुसऱ्या वारीत असंच झालेलं तेव्हा एक मावशी म्हणाल्या होत्या "पालखीजवळ नको हं येऊस", मग मी अख्खा दिवस दिंडीच्या शेपटाला चालले होते.

बाई फक्त हसल्या, म्हणाल्या थांब, फुशिओगामीला पोचलो की सांगते.

फुशिओगामी म्हणजे सरळ लोटांगण. इथून पहिल्यांदा होंगूचं देवस्थान दिसायचं आणि यात्रेकरू जमिनीवर पडायचे. आपण वेळापूरला कळस दिसला म्हणून धावतो, हे आडवे होतात! तर हजारेक वर्षांपूर्वी इझुमी शिकिबू नावाची कवयित्री इथवर आली आणि तिला पाळी आली, आता दर्शन नाही म्हणून तिने खिन्न होऊन कविता केली, तर रात्री कुमानोचा देव स्वप्नात येऊन म्हणाला, मी स्वतः धुळीत मिसळलेला देव, मला कसला विटाळ, ये तू. अशी आख्यायिका. मी तिथेच बाकावर बसून रडले, खोटं कशाला सांगू. मग होंगूच्या 158 पायऱ्या चढून दर्शन घेतलं.

दुसऱ्या दिवशी कोगुची गावाहून नाचीच्या देवस्थानाकडे. खरं शेवाळ इथे, पायाखालचा दगड दिसत नाही इतकं हिरवं, आणि ओलं, दोनदा सटकले. पुढे दोगिरीझाका, 'अंग मोडणारी चढण', उंचीच 800 मीटर चढायची. त्याच्या आधी वारोदा-इशी नावाचा मोठ्ठा शेवाळलेला खडक आहे आणि त्यावर चक्क संस्कृत बीजाक्षरं कोरलेली! बाई म्हणाल्या, तुमचीच ना अक्षरं, वाच की. कसलं काय, सिद्धम नावाची जुनी भारतीय लिपी ती, ओळखीची वाटते पण एक अक्षर लागेल तर शपथ. ती अक्षरं म्हणजे कुमानोच्या तीन देवांची बुद्धरूपं आहेत म्हणे, अमिदा, याकुशी, कान्नोन. हे तिघे इथे बसून चहा पीत गप्पा मारायचे.

मग आम्हीही थर्मास काढला.