सोसायटीच्या पार्किंगमधली माझी हत्यारे

पुण्यातल्या आमच्या सोसायटीत प्रत्येक घराला तळमजल्यावर एका गाडीपुरती जागा मिळाली आहे. दोन्ही बाजूंना खांब, वर मंद दिवा आणि खाली तेलाचा एक थेंब पडला तरी सचिवांच्या नजरेतून न सुटणारी फरशी, अशा या जागेत मी माझ्या जुन्या मारुती हॅचबॅकची किरकोळ कामे स्वतः करतो. येथे खड्डा नाही, लिफ्ट नाही आणि हवेच्या दाबावर चालणारी गनही नाही. त्यामुळे कोणते हत्यार खरोखर उपयोगाचे आणि कोणते केवळ पेटीची शोभा वाढवणारे, याचा निवाडा फार लवकर होतो. माझ्या आवडत्या हत्यारांकडे पाहिले, तर जोर लावणारी त्यांत थोडीच आहेत. बहुतेक हत्यारे एक तर नट-बोल्टला इजा न करता बसणारी आहेत, किंवा काही उघडण्याआधी गाडीबद्दल काहीतरी सांगणारी आहेत.

सुरुवात दहाच्या गोटीपासून, म्हणजे नटावर टोपीसारख्या बसणाऱ्या दहा मिलिमीटरच्या सॉकेटपासून करावी लागेल. बोनेटखाली सर्वांत जास्त लागणारे माप दहाचेच असते, कारण सहा मिलिमीटर जाडीच्या बोल्टचे डोके जपानी आणि युरोपीय अशा दोन्ही पद्धतींत दहा मिलिमीटरचे ठेवतात आणि हलक्या गोष्टी धरून ठेवण्याचे काम बहुधा याच बोल्टांकडे असते. बॅटरीचे टर्मिनल, इग्निशन कॉइल, एअर फिल्टरची पेटी, निरनिराळे ब्रॅकेट असे सगळे दहाच्या गोटीने सुटते. त्यापुढे मात्र वाटा वेगळ्या होतात. आठ मिलिमीटरच्या बोल्टचे डोके जपानी गाडीत बाराचे, तर युरोपीय गाडीत तेराचे असते. दहा मिलिमीटरच्या बोल्टला जपानी गाडीत चौदाची गोटी बसते, युरोपीय गाडीत मात्र सोळाची किंवा सतराची लागते. म्हणूनच मारुती, टोयोटा किंवा होंडा बाळगणाऱ्याने ८, १०, १२, १४, १७ आणि १९ ही मापे उत्तम प्रतीची घ्यावीत आणि बाकीच्यांची घाई करू नये. स्कोडा किंवा फोक्सवॅगन असेल, तर १३, १६ आणि १८ यांच्याबरोबर चांदणीच्या आकाराच्या टॉर्क्स बिटांचीही सोय करावी लागते. शंभराहून अधिक नगांचे जे संच प्लॅस्टिकच्या पेटीत चकाकत असतात, त्यांतला निम्मा ऐवज आपल्या गाडीला कधीच लागत नाही. जुन्या गॅरेजांच्या खणांत अजूनही इंची पाने सापडतात. ते बहुधा अॅम्बॅसडरच्या काळचे असतात, कारण तिचे मूळचे इंजिन ब्रिटिश घराण्यातले होते. मिलिमीटरच्या बोल्टवर असा इंची पाना ‘जवळपास बसतो’ म्हणून चढवला, की बोल्टचे कोपरे गेलेच म्हणून समजावे.

कोपऱ्यांचा विषय निघालाच आहे, तर गोटी सहा कोनी घ्यावी, बारा कोनी नव्हे, असे मी आग्रहाने सांगेन. बारा कोनी गोटी अडचणीच्या जागी चटकन बसते हे खरे, पण ती जोर बोल्टच्या कोपऱ्यांजवळ देते. सहा कोनी गोटीत तोच जोर सपाट बाजूंवर पसरतो. नव्या बोल्टवर हा फरक जाणवत नाही. कोकणातल्या खाऱ्या हवेत आणि पावसात काही वर्षे काढलेल्या गाडीचा गंजलेला बोल्ट सोडवताना मात्र सगळा प्रश्न याच फरकाचा असतो. पान्यांच्या बाबतीतही हाच क्रम पाळावा. जागा असेल तेथे गोटी वापरावी, ती बसत नसेल तर नटाला सगळीकडून वेढणारा रिंग पाना, तोही जात नसेल तरच उघड्या तोंडाचा फिक्स पाना, कारण फिक्स पाना नटाच्या दोनच बाजू धरतो. अॅडजस्टेबल पाना मी शक्यतो पेटीबाहेर काढत नाही. शिवाय पाना नेहमी आपल्याकडे ओढावा, पुढे ढकलू नये. ढकलताना नट अचानक सुटला, तर बोटांची हाडे रेडिएटरच्या चौकटीवर जाऊन आदळतात.

गोटी फिरवणारा, एकाच दिशेने जोर देणारा दांडा म्हणजे रॅचेट. त्याची गंमत अशी, की गोट्या मिलिमीटरच्या असल्या तरी त्यांना मागून धरणारा चौकोन जगभर इंचातच मोजतात. दुकानात त्याची मापे पाव इंच, तीन सूत (म्हणजे ३/८ इंच) आणि अर्धा इंच अशी सांगतात. एकच रॅचेट घ्यायचे झाल्यास मी तीन सुताचे घेईन. पाव इंचाचे रॅचेट डॅशबोर्डच्या कामाला ठीक पडते आणि अर्धा इंचाचे चाकांना व सस्पेन्शनला लागते, पण बोनेटखालची बहुतेक कामे तीन सुताच्या रॅचेटने होतात. त्याच्याबरोबर गोटी लांबवर पोहोचवणारे एक लहान आणि एक लांब एक्स्टेन्शन, तसेच कोनात वळणारा एक युनिव्हर्सल जॉइंट असावा. रॅचेटमध्ये दात किती आहेत, हेही विकत घेताना विचारावे. दात बारीक आणि जास्त असतील, तर हात थोडासा हलवूनही काम पुढे सरकते. इंजिन आणि फायरवॉल (इंजिन व केबिन यांच्यामधला पत्रा) यांच्या मधल्या जागेत हात हलायला तेवढाच वाव असतो.

ज्याच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही, असे एक हत्यार म्हणजे ब्रेकच्या नळीसाठीचा फ्लेअर नट पाना. दिसायला तो रिंग पान्यासारखाच असतो, पण नळी आत जावी म्हणून त्याच्या रिंगला एका बाजूला खाच ठेवलेली असते. ब्रेक पाइपचे नट लहान आणि मऊ असतात. शिवाय त्यांच्यातून नळी आरपार गेलेली असल्याने त्यांच्यावर गोटी चढवता येत नाही. फिक्स पान्याने ते गोल झाले, की पूर्ण पाइप बदलण्याची वेळ येते. वर्षातून जेमतेम एकदा हातात येणाऱ्या या पान्याची किंमत एका फसलेल्या पाइपच्या खर्चापेक्षा नक्कीच कमी असते.

स्क्रूड्रायव्हरबाबत थोडेसे. जपानी घडणीच्या जुन्या गाड्यांवरील आणि मोटरसायकलींवरील चौफुलीच्या स्क्रूची खाच आपल्या नेहमीच्या फिलिप्स खाचेपेक्षा किंचित वेगळी असते. पुष्कळदा अशा स्क्रूच्या डोक्यावर एक छोटा ठिपका असतो. फिलिप्सचे टोक त्यात खोलवर न बसता वर सरकते आणि खाच खरवडून टाकते. जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या प्रकारचा स्क्रूड्रायव्हर त्यात घट्ट बसतो. जो स्क्रू तरीही हलत नाही, त्याच्यासाठी हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर ठेवावा, कारण ठोक्यासरशी तो टोक खाचेत दाबतो आणि त्याच क्षणी थोडे फिरवतोही.

टॉर्क रेंच, म्हणजे नट ठरवलेल्या जोराइतका आवळला गेला की तसे कळवणारा पाना, ही चैन आहे, असे माझे काही मित्र मानतात. माझ्या मते घरी काम करणाऱ्याला तिची गरज गॅरेजमधल्या मेकॅनिकपेक्षा जास्त असते, कारण मेकॅनिकच्या मनगटाला रोजच्या सरावाने जे कळते ते आपल्या मनगटाला कळत नाही. माझ्या गाडीच्या चाकांच्या नटांना ८५ न्यूटन-मीटर (पिळण्याच्या जोराचे माप) पुरतात. साठ किलो वजनाचा माणूस तीस सेंटीमीटर लांबीच्या एल पान्याच्या टोकावर उभा राहिला, तर नटावर साधारण १७६ न्यूटन-मीटर येतात, म्हणजे हव्या त्याच्या दुप्पट. टायरवाल्यांची गन याहूनही पुढे जाऊ शकते. तसे झाले, की भर पावसात घाटाच्या कडेला स्टेपनी लावण्याची वेळ आली असता तो नट हाताने सुटत नाही. म्हणून टायरचे काम करून आणल्यावर घरी सगळे नट सैल करून ते चांदणीच्या क्रमाने, म्हणजे शेजारचा सोडून समोरचा असे, पुन्हा मापात आवळणे हा माझा नेम आहे. स्पार्क प्लगच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे, कारण हेड अॅल्युमिनियमचे असते आणि एकदा त्याचे आटे गेले, की ते काम पार्किंगमधले राहत नाही. क्लिक होणारी टॉर्क रेंच नट सोडवायला कधीही वापरू नये आणि काम झाल्यावर तिची स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावी.

मात्र पेटीतले एकच हत्यार ठेवा असे कोणी म्हटले, तर मी मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट आणि अँपिअर मोजणारा मीटर ठेवीन. तो महागडा असण्याची गरज नाही, पण त्याच्या तारा जाड आणि टोके धारदार असावीत. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले, तर ती पूर्ण भरलेली आहे. १२.२ दिसले तर ती निम्मी उतरली आहे आणि बाराच्या खाली गेले तर जवळजवळ रिकामी आहे. इंजिन चालू असताना तेथे १३.८ ते १४.५ दिसले, तर अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा जनित्र, आपले काम करतो आहे. ज्या नव्या गाड्यांत चार्जिंग संगणकाच्या ताब्यात असते, तेथे हा आकडा मधूनमधून खाली येतो आणि तो दोष नसतो.

मल्टिमीटरचा खरा उपयोग यापुढे सुरू होतो. स्टार्टर संथ फिरू लागला, की बॅटरी बदलण्याचा सल्ला चहूबाजूंनी मिळतो. अशा वेळी मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलच्या शिशावर, म्हणजे त्यावरच्या पट्टीवर नव्हे, आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून कोणालातरी सेल्फ मारायला सांगावे. मीटरने ०.२ व्होल्टच्या आसपास दाखवले, तर अर्थिंग, म्हणजे बॅटरी आणि इंजिन यांच्यातली ऋण जोडणी, ठीक आहे. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर दोष बॅटरीत नसून अर्थिंगच्या केबलमध्ये किंवा टर्मिनलवर साचलेल्या पांढऱ्या-हिरवट थरात आहे. अशा वेळी गरम पाणी, खाण्याचा सोडा आणि दहाची गोटी यांच्या मदतीने हजारो रुपयांचा खर्च टळतो. हीच रीत धन बाजूलाही चालते. फक्त तेथे एक टोक बॅटरीच्या धन टर्मिनलवर आणि दुसरे स्टार्टरच्या मोठ्या नटावर ठेवायचे असते. उभ्या गाडीची बॅटरी आपोआप उतरत असेल, तर ऋण केबल काढून मीटर अँपिअरवर लावून मधे जोडावा. सगळे दरवाजे बंद करून काही वेळ थांबल्यावर साधारण ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह दिसला, तर एकेक फ्यूज काढून चोर शोधता येतो. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नये, नाही तर मीटरचा फ्यूज तत्काळ उडतो.

याच जातीचे दुसरे साधन म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारा ओबीडी स्कॅनर. स्टीअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये बसणारे आणि ब्लूटूथने मोबाइलशी बोलणारे छोटे यंत्र आता सहज मिळते. त्यांतल्या बहुतेक स्वस्त यंत्रांत ईएलएम ३२७ या कॅनेडियन चिपची नक्कल असते आणि काही नकला सगळ्या गाड्यांशी नीट बोलू शकत नाहीत. म्हणून घेण्यापूर्वी आपल्या गाडीवर लावून पाहता आले, तर उत्तम. यंत्राने दिलेला कोड म्हणजे निदान नव्हे, एवढे मात्र लक्षात ठेवावे. पी ०१७१ हा कोड मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त असल्याचे सांगतो. त्यावरून थेट ऑक्सिजन सेन्सर बदलणारे पुष्कळ आहेत. प्रत्यक्षात इन्टेकच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गाच्या, एखाद्या चिरलेल्या रबरी नळीतून हवा आत शिरत असणे तितकेच शक्य असते. काम झाल्यावर हे यंत्र सॉकेटमधून काढून ठेवावे, कारण त्या सॉकेटला बॅटरीचा पुरवठा कायम चालू असतो.

लहानसहान गोष्टींची यादी मोठी होईल, म्हणून मोजक्याच सांगतो. लांब होणारी चुंबकाची दांडी इंजिनच्या तळाच्या कव्हरवर पडलेला नट वर आणते. कपाळावर बांधायचा दिवा दोन्ही हात मोकळे ठेवतो. आमच्या पार्किंगच्या मंद उजेडात तर त्याच्याशिवाय पान्यावरचा आकडाही वाचता येत नाही. हवेचा दाब मोजणारा स्वतःचा गेज असावा आणि टायर थंड असताना, म्हणजे सकाळी गाडी हलवण्याआधी, तो लावावा. पंपावर पोहोचेपर्यंत टायर तापतात आणि आकडा वाढलेला दिसतो. गंज सोडवणारे तेल आदल्या रात्री मारून ठेवावे, दोन मिनिटांत त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा करू नये.

जॅकबद्दल मात्र मी कठोर आहे. गाडीबरोबर येणारा कैचीचा जॅक केवळ चाक बदलण्यासाठी असतो. गाडीखाली डोके किंवा हात घालायचा असेल, तर पुस्तिकेत दाखवलेल्या जागेखाली लोखंडी जॅक स्टँड लावून गाडीचे वजन त्यांच्यावर उतरवावे, जमिनीवरच्या चाकांना दगड लावावेत आणि खाली जाण्याआधी गाडी हाताने हलवून पाहावी. विटांच्या चळतीवर गाडी ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. वीट तडकण्याआधी कोणतीही सूचना देत नाही.

खरेदीसाठी मी रविवार पेठेतली बोहरी आळी पसंत करतो, कारण तेथे पाना हातात घेऊन पाहता येतो. नाशिकला कारखाना असलेल्या तापडियाचे पाने आणि पकडी मला घरच्या कामाला पुरेशा वाटतात. परदेशी नावांचा मोह मी टॉर्क रेंच आणि मल्टिमीटर यांच्यापुरताच ठेवला आहे. जुन्या बाजारातही चांगले जुने पाने मिळतात. तेथे पान्याचे तोंड फाकलेले नाही ना आणि रिंगचे कोन झिजलेले नाहीत ना, हे नव्या बोल्टवर चढवून तपासावे, म्हणून खिशात दहाचा आणि चौदाचा असे दोन बोल्ट घेऊन जावे.

काही हत्यारे मी जाणूनबुजून घेतलेली नाहीत. सस्पेन्शनची स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर स्वस्तात मिळतो, पण दाबलेली स्प्रिंग निसटली तर जीवावर बेतते, म्हणून ते काम गॅरेजचेच. एसीचा गॅस भरणे आणि पिवळ्या कनेक्टरच्या एअरबॅगला हात लावणे हेही मी करत नाही. ऑइल बदलण्यासाठी मात्र एक पसरट, झाकणाचा ट्रे नुकताच घेतला आहे. काढलेले ऑइल त्यातून थेट कॅनमध्ये जाते आणि महिन्याअखेरीस ओळखीच्या गॅरेजमधल्या जुन्या तेलाच्या पिंपात रिकामे होते. सचिवांनी तो ट्रे वाकून नीट पाहिला आणि त्यावर अद्याप हरकत घेतलेली नाही.