अनलिमिटेड सुट्टी आणि पिवळं 'पेंडिंग' – माझा अनुभव

गेल्या वर्षी आमच्या कंपनीने (हिंजवडीतली, नाव लिहीत नाही) रजेचा कोटाच काढून टाकला. ईएल (साठवता येणारी भरपगारी रजा) नाही, सीएल (किरकोळ रजा) नाही, हवी तेवढी सुट्टी घ्या, आमचा तुमच्यावर विश्वास आहे, असा मेल आला आणि आम्ही सगळे खूश. नवीन पोर्टल वगैरे सगळं व्यवस्थित सुरू झालं.

अडलं ते गणपतीला. गाव कणकवलीजवळ, पनवेलहून गाडी, आणि रिझर्व्हेशन उघडतं ६० दिवस आधी, काही मिनिटांत वेटिंग लागतं. म्हणून सुट्टी आधी पक्की हवी होती. अर्ज टाकला तर पिवळ्या अक्षरात 'पेंडिंग विथ मॅनेजर'. मॅनेजर म्हणे, "अरे तू जा ना, मी कुठे नाही म्हणतोय, सॉफ्टवेअरचं रिलीज कसं जातंय बघू, मग सिस्टीममध्ये करतो." एचआरचं उत्तर, मॅनेजरशी बोलून घ्या. परत मॅनेजर, परत एचआर, आणि पोर्टलवर तेच पिवळं. कोणी नाही म्हणत नाही त्यामुळे तक्रार तरी कशाची करणार? आधी खात्यात शिल्लक दिसायची, हक्काने मागता यायची, आता आकडाच नाही तर प्रत्येक दिवस साहेबांच्या मर्जीवर. टीममध्ये तर किती घेतली की जास्त दिसेल याच धास्तीने लोक आधीपेक्षा कमी सुट्ट्या घ्यायला लागले. याला विश्वास म्हणत नाहीत. विश्वास असेल तर हो किंवा नाही वेळेत सांगा ना.

शेवटी महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ काढून वाचला, कलम १८. वर्षात २४० दिवस काम झालं की दर २० दिवसांमागे १ भरपगारी रजा, शिवाय ८ किरकोळ रजा, आणि ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. १५ दिवस आधी अर्ज करूनही नाकारली तर ४५ च्या वरच्या रजेचे पैसे मागता येतात. (हे आधी १० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू होतं, २०२५ च्या बदलानंतर २० किंवा जास्त; आणि मॅनेजर लेव्हलच्या लोकांना हे नाही.) कंपनीची पॉलिसी काहीही असो, एवढं तरी द्यावंच लागतं. मग कलमाचा उल्लेख करून दोघांना एकच मेल टाकला, अमुक तारखेपर्यंत मंजूर की नामंजूर ते लेखी कळवा. दुसऱ्याच दिवशी हिरवं झालं! तोवर तिकिटं गेली होती, स्वारगेटहून एसटीने गेलो, पण आरतीला घरी होतो आणि लॅपटॉप पुण्यात होता.

तोंडी 'जा ना' वर कधीच निघू नका, मेलवर घ्या.

आणि हो, हे खरं तर सगळ्यात आधी करायचं, पॉलिसी बदलायच्या आधी रजेच्या जुन्या बॅलन्सचा स्क्रीनशॉट काढा आणि त्याचे पैसे कधी मिळणार ते एचआरकडून लिहून घ्या. नोकरी सोडताना मिळणाऱ्या रजेच्या पैशांवरची टॅक्स सूट २०२३ पासून ३ लाखांवरून २५ लाखांपर्यंत गेली आहे, त्यामुळे ते सोडू नका. माझं ते उत्तर अजून यायचंय, दर सोमवारी रिमाइंडर टाकतोय.