येळवशीचं लेकरू

आमच्या लेकीचा पहिला वाढदिवस दोनदा येणार आहे. कागदावर 30 डिसेंबरला आणि घरात 19 डिसेंबरला. ती जन्मली येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येच्या शेतातल्या सणाला, आणि आमच्या लातूर-धाराशिवकडं जुनी माणसं तारखेपेक्षा सणावरूनच हिशेब लावतात. चांद्र वर्ष 354 दिवसांचं, त्यामुळं सण यंदा, म्हणजे 2025ला, अकरा दिवस अलीकडं आला. खरी गंमत पुढंच आहे. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक, म्हणून पुढची येळवस थेट 2027च्या जानेवारीत. 2026च्या अख्ख्या वर्षात पोरीचा तिथीनं वाढदिवसच नाही. आणि 2024 मध्ये येळवस दोनदा आली होती, एक जानेवारीत, एक डिसेंबर संपता संपता. त्यातली दुसरी हिनं गाठली.

पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी, औसा तालुक्यात. येळवशीच्या आदल्या रात्री आमच्याकडं कुणी झोपत नाही. तुरीच्या, वाटाण्याच्या शेंगा सोलायच्या, हरभऱ्याचे घाटे सोलायचे, पालेभाज्या निवडायच्या, बाजरीचे उंडे करायचे, आंबिलीचं बिंदगं, म्हणजे छोटी घागर, भरून ठेवायचं. मी आपली भिंतीला टेकून शेंगा सोलत होते. कळ आली तेव्हा आधी वाटलं, बसून बसून कंबर धरली असेल. पहाटेपर्यंत कळा नेमानं यायला लागल्या आणि आईला सांगितलं. ती भज्जीसाठी, म्हणजे या सगळ्या शेंगा-पालेभाज्यांच्या मिसळीच्या भाजीसाठी, बेसन कालवत होती. तिचं पहिलं वाक्य, "आता भज्जीकडं कोण बघणार गं?" मला त्याचा राग आला नाही. शेतावर सगळी भावकी, पाहुणे जेवायला, आणि भज्जी बिघडली तर वर्षभर ऐकावं लागतं. आत्या पदर खोचून चुलीपुढं बसली, तेव्हा कुठं आई जीपमध्ये चढली.

त्या दिवशी लातूर रिकामं होतं. दुकानं बंद, गल्ल्या ओस, माणूस दिसला तर तो शेताकडं निघालेला. आम्ही मात्र उलटे, शहराकडं. समोरून सगळा रस्ता भरून येत होता: मोटारसायकलीवर चौघं चौघं, छोटा हत्ती टेम्पोत उभ्या राहिलेल्या बाया, मांडीत घट्ट धरलेली बिंदगी. वाट देताना एकजण ओरडला, "ओ, शेत तिकडं हाय!" मी कळ दाबत हसले. ते हसू आणि ती कळ नेमकी एकाच वेळी आली. तसलं काही मला आधी कधी झालं नव्हतं, नंतरही नाही.

दवाखान्यात ड्युटीवर दोनच सिस्टर होत्या. त्यातल्या एकीच्या नखांत हिरवं भरलेलं होतं. तीही रात्रभर शेंगा सोलून आलेली. हात धुऊन, ग्लोव्ह्ज चढवून ती म्हणाली, "माझी पण भज्जी राहिली बाई, तुमच्यापायी. आता लवकर उरका." दुखण्याचं बाकी काही सांगता येत नाही. मला तरी ते सलग आठवतच नाही. भिंतीवरचं घड्याळ आठवतं, आईच्या हाताला येणारा लसणाचा वास आठवतो. एक वाजून दहा मिनिटांनी ती रडली. अंगावर पांढरा लेप, एक कान दुमडलेला, आणि नखं! इतकी वाढलेली नखं घेऊन कुणी जन्माला येतं हे मला माहीतच नव्हतं. पहिल्याच तासात तिनं स्वतःच्याच गालावर ओरखडा काढला.

फोन गेला तेव्हा शेतावर कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा उरकली होती आणि अण्णा "व्हलगे व्हलगे" म्हणत पिकात आंबील शिंपडत होते. म्हणजे असं ते सांगतात. चुलत्यांच्या सांगण्यात फोन त्यांना आला, आत्याच्या सांगण्यात तिला आधीच कळलं होतं, कारण उकळी बरोबर त्याच वेळी फुटली. वर्षभरात ही गोष्ट इतक्यांदा सांगून झालीय की पोरगी शेतातच जन्मली असं लहान भाच्याला खरंच वाटतं.

पुण्याच्या एका नातेवाइकांनी मात्र फोनवर सुस्कारा सोडला. अमावस्येचा जन्म, शांत करून घ्या म्हणाले. अण्णा म्हणाले, "येळवशीला कसली शांत? काळ्या आईची ओटी भरायचा दिस हाय तो." विषय तिथंच संपला. बाकी आमच्याकडं पाचवी पुजली, बारसं झालं, सगळं रीतीनं. जन्मदाखल्यावर नाव वर्षाच्या आत लावलं तर फी पडत नाही, म्हणून तेही गेल्या महिन्यात लावून आणलं. वजन, उंची, लसी, सगळ्याची नोंद कार्डावर आहे. माझ्या एका गोष्टीची नोंद मात्र कुठंच नाही.

त्या दिवशी संध्याकाळी नवरा निलंग्याहून, सासरच्या शेतातून, माझ्यासाठी डबा घेऊन आला. झाकण उघडलं आणि खोलीभर भज्जीचा वास. मी हात पुढं केला तर आई म्हणाली, "बाळंतिणीला भज्जी? लेकराचं पोट बिघडल." मला मऊ भात आणि तूप. डबा आईनं आणि त्या सिस्टरनं मिळून संपवला, बोटं चाटत. सिस्टर जाताना म्हणाली, "चव झकास, बरं का." हे मी विसरलेले नाही.

आता यंदा भांडण सुरू आहे ते लेकरू कुणाच्या शेतावर न्यायचं याचं. अण्णा म्हणतात, बातमी आमच्या कोपीत आली, वाढदिवस इथंच. सासूबाई म्हणतात, नात आमची, पहिली येळवस आमच्या रानात. केकचा हट्ट फक्त नवऱ्याचा, त्याला 30 तारीख देऊन टाकलीय. शेवटी ठरलंय की दुपारी औशाला जेवायचं आणि दिवस मावळायच्या आत निलंगा गाठायचं. दोन शेतं, दोन पंगती, एका दिवसात दोनदा भज्जी. झेपेल का, असं नवरा विचारतोय. त्याला काय, मागच्या वर्षीची बाकी माझी आहे.