अस्तर

संक्रांतीच्या वाणाच्या चिठ्ठ्या आम्ही दिवाळी झाली की लगेच काढतो. आम्ही सातजणी. दर गुरुवारी दुपारी कुणाच्या तरी घरी भरतकाम घेऊन जमतो. टाके कमी, गप्पा जास्त. जिची चिठ्ठी येईल तिच्यासाठी हातानं भरलेलं काहीतरी करायचं आणि ते पूर्ण करून द्यायचं, एवढाच नियम. त्यातलं ‘पूर्ण करून’ नंतर घालावं लागलं, कारण एका वर्षी एकीनं (मीच ती) भरलेलं कापड रिंगसकट हातात ठेवलं होतं.

यंदा मला धारवाडच्या मामी आल्या.

मामी कसुती भरतात, म्हणजे कर्नाटकातलं पारंपरिक भरतकाम. कापडावर छापलेलं काही नसतं, नुसते उभे-आडवे धागे मोजत तुळशीवृंदावन उभं राहतं. गवंती टाक्यात धावदोऱ्यानं पुढे जायचं आणि त्याच वाटेनं परत येत सुटलेल्या जागा भरायच्या. गाठ कुठेच नाही, उलट-सुलट दोन्हीकडे सारखंच. त्यामुळे मामींना खोड लागली आहे: काहीही हातात दिलं की आधी उलटं करून बघायचं. एकदा तर माझा विकतचा कुर्ताही बाही उलटवून पाहिला आणि नुसतं ‘हं’ म्हणाल्या.

मी मॅटीच्या जाडसर कापडावर उशीचा अभ्रा घेतला होता. लेझी डेझीची फुलं, दांडी टाक्याचे देठ, मधे फ्रेंच नॉट, म्हणजे दोरा सुईला गुंडाळून घातलेल्या उठावाच्या गाठी. सहापदरी लडीतले दोन पदर काढायचे आणि हातभरच दोरा घ्यायचा हे शाळेपासून माहीत आहे. पण सुई सारखी ओवायचा कंटाळा, म्हणून मी लांबच घेते आणि मग तो गुंततो. तरी फुलं पंधरा दिवसांत झाली. मग अभ्रा कपाटात गेला तो महिनाभर तिथेच. भरताना रंग उमलत जातात, त्यात जीव रमतो. पुढची कामं रुक्ष. धुवायचं (आधी धुतलं नाही तर इस्त्रीनं नक्षी छापलेल्या कार्बनच्या रेघा पक्क्या बसतात), टॉवेलवर पालथं घालून इस्त्री करायची म्हणजे नॉट चपटे होत नाहीत, मग कापणं, दुमडणं, चेन लावणं. हे करताना कुणी ‘किती सुंदर!’ म्हणत नाही.

शेवटी भोगीच्या रात्री बसले. बाजरीची भाकरी, वांगं-गाजर-पावट्याची भाजी पोटात, डोळे मिटायला आलेले. इस्त्रीसाठी अभ्रा पालथा घातला आणि झोप उडाली. हिरवा दोरा या पानावरून त्या पानावर उड्या मारत गेलेला, तांबड्या शेपट्या लोंबताहेत, एका फुलामागे तर चक्क तीन गाठी. कबुतरानं घरटं बांधावं तसं. उसवायला वेळ नव्हता. पांढरं पॉपलीन होतं घरात, त्याचं अस्तर लावायचं ठरवलं.

मशीनची टीप मारून भागलं असतं, पण उजेडात ती दिसते. म्हणून हातानंच घेतलं. सुई दुमडीच्या आतून न्यायची, मॅटीचा एकच धागा उचलायचा, परत दुमडीत. चारही बाजू. एवढे बारीक टाके मी पुढच्या फुलांनाही घातले नव्हते. कोपरे वळवता वळवता दीड वाजला.

दुसऱ्या दिवशी हळदीकुंकू, तिळगूळ, अत्तर सगळं झालं आणि वाणं उघडली. मामींनी अभ्रा घेतला, सरळ बाजू बघितलीच नाही, उलटा केला, चेन उघडून आत डोकावल्या. पांढरंशुभ्र अस्तर. मग त्यांचा अंगठा अस्तरावरून सावकाश फिरत गेला आणि बरोब्बर त्या तीन गाठींवर थांबला. माझ्या तोंडात तिळाची वडी होती, ती चावायची राहिली.

‘हे अस्तर कुणी लावलं ग?’

‘मीच, मामी.’

चष्मा वर करून त्यांनी कडेनं टाका शोधला. सापडला नाही. मग कोपरा चिमटीत धरून शेजारच्या वहिनींना दाखवला.

‘अस्तर किती सुरेख लावलंय बघ हिनं.’

फुलांबद्दल अजून काही बोललेल्या नाहीत.