शाफान चिटणिसाचे घराणे

बायबलमधल्या यिर्मया या संदेष्ट्याच्या, म्हणजे देवाची वचने लोकांना सांगणाऱ्याच्या, पुस्तकातला छत्तिसावा अध्याय मी पुन्हा पुन्हा वाचतो, आणि गंमत म्हणजे त्या अध्यायात यिर्मया जवळजवळ दिसतच नाही. मंदिरात जाण्याची त्याला बंदी आहे, त्यामुळे तो पडद्याआड राहतो, आणि सगळी हालचाल होते ती यरुशलेमच्या राजवाड्यातल्या अधिकाऱ्यांच्या आणि चिटणिसांच्या दालनांत. संदेष्ट्यांविषयी बोलताना एका बाजूला सिंहासन आणि दुसऱ्या बाजूला एकटा निर्भय माणूस असे चित्र सर्रास रंगवले जाते. या दोघांच्या मधे जी माणसे उभी होती, ज्यांचे पोट राजाच्या चाकरीवर होते आणि ज्यांच्यामुळे संदेष्ट्याचे शब्द टिकून राहिले, त्यांची आठवण फारशी कोणी काढत नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

इ.स.पू. ६०५ मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) नबुखद्रेस्सराने कर्कमीश येथे मिसरच्या (इजिप्तच्या) सैन्याचा पराभव केला आणि यहूदाच्या छोट्या राज्याचे, ज्याची राजधानी यरुशलेम होती, भवितव्य बाबेलच्या हाती गेले. त्याच वर्षी यिर्मयाने आपली आजवरची वचने बारूख बिन नेरीया (नेरीयाचा मुलगा बारूख) या चिटणिसाला तोंडी सांगून गुंडाळीवर, म्हणजे गुंडाळून ठेवायच्या लांब लेखपटावर, उतरवून घेतली. पुढल्या वर्षीच्या हिवाळ्यात, बाबेलची फौज समुद्रकाठच्या अष्कलोनपर्यंत येऊन ठेपली असताना, यरुशलेमेत उपास जाहीर झाला आणि गावोगावचे लोक मंदिरात जमले. बारूखाने ती गुंडाळी त्या दिवशी लोकांना वाचून दाखवली, आणि ती उघड्या अंगणात उभे राहून नव्हे, तर वरच्या चौकात, नव्या वेशीजवळ असलेल्या गमऱ्या बिन शाफान याच्या दालनातून. असे दालन मालकाच्या संमतीवाचून मिळत नसते. गमऱ्या स्वतः त्या वेळी राजवाड्यात होता. त्याचा मुलगा मीखाया मात्र ऐकायला हजर होता, आणि वाचन संपताच तो थेट राजवाड्यातल्या चिटणिसाच्या दालनात गेला.

तिथे अलीशामा चिटणीस, दलाया, एलनाथान बिन अखबोर, गमऱ्या आणि इतर अधिकारी बसले होते. त्यांनी बारूखाला बोलावून घेतले, खाली बसायला सांगितले आणि सगळी गुंडाळी पुन्हा वाचून घेतली. ऐकता ऐकता ते भयाने एकमेकांकडे पाहू लागले. मग त्यांनी एक अगदी कचेरीतला प्रश्न विचारला: हे सारे तू कसे लिहिलेस? बारूखाने तितकेच नेमके उत्तर दिले, की यिर्मया तोंडाने सांगत गेला आणि मी शाईने लिहीत गेलो. मजकूर कोणाचा आणि हस्ताक्षर कोणाचे, याची खातरजमा झाली. हे प्रकरण राजाच्या कानावर घालणे त्यांना भागच होते. पण त्याआधी त्यांनी बारूखाला सांगितले की तू आणि यिर्मया दोघेही लपून राहा, कोठे आहात ते कोणाला कळू देऊ नका. त्यानंतर गुंडाळी त्यांनी अलीशामाच्या दालनातच ठेवली आणि राजाकडे जाऊन हकिगत फक्त तोंडी सांगितली. कर्तव्यात कसूर नाही आणि माणसांच्या जिवालाही धोका नाही, असा मार्ग त्यांनी त्या थोड्या वेळात काढला. दरबारात मुरलेल्या माणसांनाच असा मार्ग सुचतो, आणि मला त्यात भ्याडपणा दिसत नाही.

राजा यहोयाकीम हिवाळी महालात शेगडीजवळ बसला होता. त्याने यहूदी नावाच्या अधिकाऱ्याला पाठवून गुंडाळी आणवली. यहूदीने तीन-चार रकाने वाचले की ते चिटणिसाच्या चाकूने कापून शेगडीत टाकायचे, असे करत अख्खी गुंडाळी जाळण्यात आली. तो चाकू लिहिणाऱ्याच्या हत्यारांपैकी होता. एलनाथान, दलाया आणि गमऱ्या या तिघांनी गुंडाळी जाळू नये म्हणून राजाची विनवणी केली; त्याने ऐकले नाही, आणि बारूख व यिर्मया यांना पकडण्याचा हुकूम सोडला. ते अर्थातच सापडले नाहीत.

गमऱ्याला त्या दिवशी आपल्या वडिलांची आठवण झाली नसेल असे मला वाटत नाही. इ.स.पू. ६२२ च्या सुमारास, मंदिराच्या डागडुजीच्या पैशांचा हिशेब पाहायला गेलेल्या शाफान चिटणिसाच्या हाती मुख्य याजक हिल्कीया याने नियमशास्त्राचा ग्रंथ दिला होता. शाफानाने तो योशीया राजाला वाचून दाखवला, तेव्हा राजाने पश्चात्तापाने आपली वस्त्रे फाडली. योशीया हा यहोयाकीमाचा बाप. दोन पिढ्यांत तोच प्रसंग दोनदा घडला, आणि दुसऱ्या वेळी, अध्यायात मुद्दाम नोंदवल्याप्रमाणे, कोणीही वस्त्रे फाडली नाहीत.

शाफानाच्या मुलांनी यिर्मयाची पाठराखण सोडली नाही. जमाव त्याच्या जिवावर उठला तेव्हा अहीकाम बिन शाफान मधे पडला. पुढे बाबेलातल्या बंदिवानांना लिहिलेले यिर्मयाचे पत्र एलासा बिन शाफान घेऊन गेला. तरी या वर्गाला सरसकट सज्जन ठरवण्याची माझी तयारी नाही. गुंडाळीसाठी विनवणी करणाऱ्या याच एलनाथानाला यहोयाकीमाने मिसर देशी पाठवले होते, ते उरीया नावाच्या दुसऱ्या संदेष्ट्याला धरून आणायला. त्याने त्याला आणले आणि राजाने उरीयाला तलवारीने मारवले. एकाच माणसाच्या नावे या दोन्ही गोष्टी लिहिलेल्या आहेत, आणि दोन्ही लक्षात ठेवायला हव्यात.

१९८२ मध्ये पुरातत्त्वज्ञ यिगाल शिलो यांच्या नेतृत्वाखाली यरुशलेमेतल्या दावीदनगरात उत्खनन चालू असताना एका घरात एक्कावन्न मातीच्या मोहोरा सापडल्या. पपायरसचा कागद गुंडाळायचा, दोरीने बांधायचा, गाठीवर ओल्या मातीचा गोळा दाबायचा आणि त्यावर मुद्रा उमटवायची, अशी तेव्हाची रीत होती. नखाएवढ्या त्या गोळ्यांच्या मागच्या बाजूला पपायरसाचे आणि दोरीचे वळ अजून दिसतात. इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्याने शहर जाळले तेव्हा कागद राख झाले, पण त्याच आगीत माती भाजून पक्की झाली. त्यांपैकी एका मोहोरेवर जुन्या हिब्रू लिपीत ‘गमर्याहू बिन शाफान’ असे नाव आहे, आणि बहुतेक अभ्यासक त्याला आपल्या अध्यायातलाच गमऱ्या मानतात. बारूखाच्या नावाचीही एक मोहोर प्रसिद्ध आहे, परंतु ती उत्खननात नव्हे तर प्राचीन वस्तूंच्या बाजारात मिळाली आणि तिच्या अस्सलपणाविषयी गंभीर शंका घेतल्या गेल्या आहेत, म्हणून तिच्यावर मी भिस्त ठेवत नाही.

बारूखही काही कोणी उपरा नव्हता. त्याचा भाऊ सराया यहूदाचा शेवटचा राजा सिद्कीया याच्या पदरी अधिकारी होता. शहराला वेढा पडलेला असताना यिर्मयाने अनाथोथचे शेत सतरा शेकेल रुपे देऊन विकत घेतले, तेव्हा मोहोरबंद खरेदीखत आणि त्याची उघडी प्रत दोन्ही बारूखाच्या स्वाधीन करून मातीच्या मडक्यात ठेवायला सांगितली. जळालेली गुंडाळीही त्यानेच पुन्हा लिहिली, आणि त्या खेपेला तिच्यात आणखी बरीच वचने भरली.

शहर पडल्यावर बाबेलने मागे उरलेल्यांवर सुभेदार नेमला तो अहीकामाचा मुलगा, शाफानाचा नातू गदल्या. मिस्पा येथे राजवंशातल्या इश्माएलाने त्याचा खून केला. घाबरलेले लोक मिसरला पळू लागले तेव्हा यिर्मयाने त्यांना जाऊ नका म्हणून बजावले. त्यावर त्यांच्या पुढाऱ्यांनी जो आरोप केला, तो माझ्या मते चिटणिसाच्या वजनाची सर्वांत स्पष्ट साक्ष आहे: तू खोटे बोलतोस, देवाने तुला पाठवलेले नाही, आम्हाला बाबेलच्या हाती द्यावे म्हणून नेरीयाचा मुलगा बारूख तुला आमच्याविरुद्ध चिथावतो आहे.